सीएमआयएस सुसंगतता तपासणारं एक्स्टेंशन लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीएमआयएस म्हणजे नक्की काय?

दस्तऐवज सांभाळणारी प्रत्येक रिपॉझिटरी पूर्वी आपापली भाषा बोलायची. एकीतून दुसरीत कागद न्यायचे, किंवा एकाच ॲप्लिकेशनमधून दोन्हींशी बोलायचं, तर दोन वेगळे कनेक्टर लिहावे लागत. त्यावर उपाय म्हणून ईएमसी, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००८ मध्ये एक सामाईक मसुदा पुढे आणला. अल्फ्रेस्को, ओपनटेक्स्ट, ओरॅकल आणि एसएपी हेही त्यात सामील झाले. ओएसिस या मानकसंस्थेने त्याची १.० आवृत्ती मे २०१० मध्ये आणि १.१ आवृत्ती मे २०१३ मध्ये मंजूर केली. 'कंटेंट मॅनेजमेंट इंटरऑपरेबिलिटी सर्व्हिसेस' हे त्याचं पूर्ण नाव, पण बोलताना सगळे सीएमआयएसच म्हणतात.

१.० मध्ये चार मूळ प्रकार होते: डॉक्युमेंट, फोल्डर, रिलेशनशिप आणि पॉलिसी. १.१ मध्ये आयटम आणि सेकंडरी हे दोन वाढले. सर्व्हरशी बोलायचे मार्ग, म्हणजे बाइंडिंग, आधी दोन होते, एक्सएमएलवर चालणारं ॲटमपब आणि सोप या जुन्या संदेश-पद्धतीवर चालणाऱ्या वेब सर्व्हिसेस. १.१ ने जेसन या सुटसुटीत मजकूर-स्वरूपावर चालणारं ब्राउझर बाइंडिंग आणलं, आणि आज नवीन काम बहुतेक त्याच्यावरच होतं.

मानक आहे, तर मग वेगळी सुसंगतता तपासायची कशाला?

कारण हे मानक मुद्दाम सैल ठेवलेलं आहे. जुन्या, एकमेकींपेक्षा खूप वेगळ्या रिपॉझिटऱ्यांना एकाच छताखाली आणायचं होतं, त्यामुळे कितीतरी गोष्टी ऐच्छिक ठेवाव्या लागल्या. एखादी रिपॉझिटरी शोध देत नसेल, एकच डॉक्युमेंट दोन फोल्डरांत ठेवू देत नसेल, परवानग्या फक्त दाखवत असेल आणि बदलू देत नसेल, तरी ती मानकाला धरूनच आहे. अट एकच: काय जमतं आणि काय जमत नाही हे तिने आधीच सांगायला हवं.

म्हणून 'ही रिपॉझिटरी सीएमआयएस पाळते का?' या प्रश्नाचं हो-नाही उत्तर निघत नाही. विचारायचा प्रश्न हा: ही रिपॉझिटरी स्वतःबद्दल जे सांगते तसंच वागते का? या पानावरची बाकीची सगळी उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

अपाचे केमिस्ट्रीची टीसीके तयार मिळते. आपण वेगळं काय लिहायचं?

अपाचे केमिस्ट्री प्रकल्पाच्या ओपनसीएमआयएस या जावा लायब्ररीसोबत टीसीके नावाचा टेस्टचा संच येतो. त्यात रिपॉझिटरीची मूळ माहिती, प्रकार, डॉक्युमेंट-फोल्डर बनवणं आणि पुसणं, व्हर्जनिंग, फायलिंग, परवानग्या, क्वेरी असे गट आहेत. संच चांगला आहे. नव्या सर्व्हरवर पहिल्या दिवशी तो चालवाच.

पण त्याला तुमच्या कामाची माहिती नसते. तुमच्या ॲप्लिकेशनला एका फोल्डरात हजारो कागद लागतात, तुमचे स्वतःचे प्रकार आहेत, फायलींची नावं मराठीत आहेत, दोन लिपिक एकाच वेळी एकच कागद उघडतात, यातलं काहीच मूळ संचाला ठाऊक नाही. ते तुम्हालाच लिहायचं आहे. चांगली गोष्ट अशी की टीसीके त्यासाठीच मोकळी ठेवलेली आहे. मूळ कोडला हात न लावता आपला गट बाजूला लिहून जोडता येतो, आणि एक्स्टेंशन म्हणजे इथे तेच.

सुरुवातीला काय जमवावं लागतं?

जावा, मेव्हन (बिल्ड करायचं साधन), ओपनसीएमआयएसचं टीसीके मॉड्यूल, आणि तपासायला एक सर्व्हर. शिकण्यापुरता ओपनसीएमआयएसचाच इनमेमरी सर्व्हर पुरतो. तो टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर वॉर फाइल म्हणून चढतो आणि सगळं मेमरीत ठेवतो, त्यामुळे कितीही मोडलं तरी रीस्टार्ट केलं की पाटी कोरी.

दोन खाचखळगे आधीच सांगते, कारण नवीन माणसाचा दिवस यांतच जातो. हा सर्व्हर जुन्या जावाएक्स सर्व्हलेटवर लिहिलेला आहे, तो टॉमकॅट १० वर थेट चालणार नाही, ९ घ्या. आणि जावा ११ पासून जेएएक्सबी, जेएएक्स-डब्ल्यूएस हे एक्सएमएल आणि सोपचे भाग जेडीकेतून काढून टाकलेत, वेब सर्व्हिसेस बाइंडिंगला मात्र ते लागतात. निदान पहिली टेस्ट हिरवी होईपर्यंत जावा ८ वर राहा.

टेस्टचा क्लास कसा असतो?

साधा असतो. ॲबस्ट्रॅक्टसेशनटेस्ट हा क्लास एक्स्टेंड करायचा. इनिट मेथडमध्ये टेस्टचं नाव आणि वर्णन द्यायचं. रन मेथडला सेशन (सर्व्हरशी चालू असलेली जोडणी) हातात मिळतं, त्यावर काम करायचं आणि निष्कर्ष ॲडरिझल्टने नोंदवायचा. अशा टेस्ट एकत्र करणारा गट म्हणजे ॲबस्ट्रॅक्टसेशनटेस्टग्रुपवरून काढलेला दुसरा छोटा क्लास. शेवटी एका टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीवर एक अशी गटांच्या क्लासची पूर्ण नावं लिहायची आणि ती फाइल रनरला द्यायची.

जेयुनिट या जावाच्या नेहमीच्या टेस्ट लायब्ररीची सवय असलेल्यांना एक गोष्ट वेगळी वाटेल. इथे पहिली चूक सापडली की टेस्ट थांबत नाही. एकाच टेस्टमधून वीस निष्कर्ष निघू शकतात आणि ते एकमेकांच्या पोटातही ठेवता येतात. हे मुद्दाम तसं केलंय. सर्व्हरची एक प्रॉपर्टी चुकली म्हणून पुढच्या एकोणीस तपासायच्याच नाहीत, हे परवडत नाही.

निष्कर्षाच्या सहा पायऱ्या आहेत. कुठे कोणती वापरायची?

इन्फो, स्किप्ड, ओके, वॉर्निंग, फेल्युअर आणि अनएक्स्पेक्टेड एक्सेप्शन. एक्स्टेंशन लिहिणाऱ्याचा कस इथे लागतो. नवीन लोक सगळं फेल्युअरमध्ये टाकतात आणि मग सर्व्हरवाल्या टीमशी पहिल्याच बैठकीत वाद होतो.

माझा नियम असा आहे. मानकात 'मस्ट' आहे आणि ते मोडलं, तर फेल्युअर. 'शुड' आहे आणि पाळलं नाही, तर वॉर्निंग. 'मे' आहे, तर इन्फो. रिपॉझिटरीने आधीच 'मला हे जमत नाही' म्हटलंय, तर स्किप्ड, आणि स्किप का केलं ते वाक्यात लिहायचंच. प्रत्येक फेल्युअरच्या संदेशात मानकाच्या कोणत्या भागावरून आपण हे म्हणतोय तेही लिहा. ते लिहिता येत नसेल तर बहुधा ती चूक सर्व्हरची नाही, आपल्या अपेक्षेची आहे.

आपल्या ॲप्लिकेशनला हवी असलेली पण मानकाने न सांगितलेली गोष्ट तपासायची असेल, तर ती वेगळ्या गटात ठेवा. 'मानक मोडलं' आणि 'आमच्या उपयोगाचं नाही' ही दोन वाक्यं एकाच यादीत आली की अहवाल वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

रिपॉझिटरी 'सांगते' म्हणजे कुठे सांगते?

तीन ठिकाणी. आणि तिन्ही ठिकाणचं सांगणं एकमेकांशी जुळतं का, हे तपासणारी टेस्ट माझ्या मते सगळ्यांत मोलाची.

पहिलं ठिकाण रिपॉझिटरी इन्फो. इथे क्षमता जाहीर केलेल्या असतात. शोध अजिबात नाही, फक्त प्रॉपर्टींवर, फक्त मजकुरावर, दोन्ही वेगवेगळे की दोन्ही एकत्र, अशी पाचपैकी एक किंमत मिळते. क्वेरीत दोन प्रकार जोडणारा जॉइन नाही, फक्त इनर, की इनर आणि आउटर दोन्ही. परवानग्या नाहीत, फक्त दिसतात, की बदलताही येतात. मजकूर कधीच बदलत नाही, केव्हाही बदलतो, की चेकआउट केल्यावर (म्हणजे बदलासाठी कागद आपल्या ताब्यात घेतल्यावर) मिळणाऱ्या कामाच्या प्रतीवरच बदलतो.

दुसरं ठिकाण प्रकाराची व्याख्या. हा प्रकार बनवता येतो का, फोल्डरात ठेवता येतो का, त्यावर क्वेरी चालते का, त्याच्या आवृत्त्या निघतात का, त्याला मजकूर चालतो, लागतोच की चालत नाही.

तिसरं ठिकाण प्रत्येक ऑब्जेक्टच्या अलाऊएबल ॲक्शन्स. म्हणजे या क्षणी, या युजरला, या कागदावर काय करता येईल.

आता उदाहरण घ्या. रिपॉझिटरी इन्फो म्हणते मजकूर केव्हाही बदलतो. प्रकार म्हणतो आवृत्त्या निघतात. हातातल्या कागदावर 'मजकूर बदलता येईल' ही ॲक्शन दिसते. तुम्ही मजकूर पाठवता आणि सर्व्हर म्हणतो, आधी चेकआउट करा. मजकूर न बदलणं हा इथे दोष नाही, तशी रिपॉझिटरी मानकात बसते. आधी तिन्ही ठिकाणी 'होईल' म्हणून नंतर 'नाही' म्हटलं, हा दोष. अशा सर्व्हरवर बसवलेलं ॲप्लिकेशन बटण चालू दाखवतं, वापरणारा ते दाबतो आणि त्याच्या पदरात एरर पडते.

उलट बाजूही तपासा. 'जमत नाही' असं जाहीर केलेली गोष्ट करून बघितली तर नीट नकार मिळतो का? बरेच सर्व्हर अशा वेळी ५०० हा सर्वसाधारण एरर कोड देऊन मोकळे होतात. आणि 'जमत नाही' म्हणूनही ती गोष्ट झालीच, तर मी वॉर्निंग देते. त्यावर कोणी अवलंबून राहिलं तर पुढच्या आवृत्तीत ते बंद पडू शकतं.

टेस्ट एकाच बाइंडिंगवर चालवली तर चालेल का?

नाही. एकच सर्व्हर ब्राउझर बाइंडिंगवर सुरेख वागतो आणि ॲटमपबवर अडखळतो, हे नेहमीचं आहे. जितकी बाइंडिंग सर्व्हर देतो तितक्या वेळा सगळा संच चालवा. सेशनचे पॅरामीटर तेवढे बदलायचे, टेस्टचा कोड तोच राहतो.

तरी दोन जागी कोडलाही भान ठेवावं लागतं. पहिली जागा एक्सेप्शनची. मानकात नावाचा संघर्ष, अटींचा भंग, दुसऱ्याने आधी बदल केल्याचा संघर्ष, व्हर्जनिंगची चूक, मजकूर आधीच असणं, या सगळ्यांना ॲटमपबमध्ये एचटीटीपीचा एकच कोड आहे, ४०९. ब्राउझर बाइंडिंग जेसनमध्ये एक्सेप्शनचं नाव पाठवतं, सोप फॉल्टमध्येही प्रकार असतो. ॲटमपबवर मात्र सर्व्हरने उत्तराच्या मजकुरात ओपनसीएमआयएसला कळेल अशी खूण ठेवली नसेल, तर क्लायंट ४०९ चा अर्थ सरसकट 'अटींचा भंग' असा लावतो. त्यामुळे 'अपडेट कॉन्फ्लिक्टच यायला हवं' असं ठामपणे लिहिलेली टेस्ट ॲटमपबवर निर्दोष सर्व्हरलाही नापास करते. तिथे दोन्ही स्वीकारा आणि कोणतं आलं ते इन्फोमध्ये नोंदवा.

दुसरी जागा तारखांची. ब्राउझर बाइंडिंग तारीख १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत देतं, ॲटमपब एक्सएमएलच्या तारखेत, टाइमझोनसकट. एकाच कागदाची बनवल्याची तारीख दोन बाइंडिंगवरून वाचून काटेकोर तुलना केली, तर मिलिसेकंद गाळणारा सर्व्हर नापास होतो. सेकंदापर्यंतच तुलना करा. पण तफावत बरोबर साडेपाच तासांची आली तर मात्र ती सोडू नका. सर्व्हरने भारतीय वेळेचं युटीसी करताना कुठेतरी घोळ घातलाय.

मराठी नावांसाठी खरंच वेगळ्या टेस्ट लागतात का?

लागतात, आणि या विषयावर मी हट्टी आहे. मूळ टीसीकेत नावांतल्या अक्षरांची एक टेस्ट आहे, पण 'देवनागरी अक्षर टिकलं' एवढ्यावर मराठीचं भागत नाही.

'दुसऱ्या तिमाहीचा अहवाल' हे साधं नाव घ्या. यातला 'ऱ्य' संगणकात तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, युनिकोड ०९३१ हा सबंध 'ऱ', मग हलन्त, मग य. दोन, साधा र म्हणजे ०९३०, त्यावर नुक्ता ०९३सी, मग हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर म्हणजे २००डी, आणि य. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात.

पहिले दोन युनिकोडच्या दृष्टीने समान आहेत. एनएफसी (अक्षर जोडून लिहिण्याचं युनिकोडचं नॉर्मलायझेशन) केलं की दुसऱ्याचं पहिलं होतं, एनएफडी (सुटं करून लिहिण्याचं) केलं की पहिल्याचं दुसरं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नावं मोकळी करून ठेवायची, त्यामुळे मॅकवरून आलेल्या जुन्या फायलींत दुसरा प्रकार आढळतो. तिसरा मात्र कुठल्याही नॉर्मलायझेशनने पहिल्यात बदलत नाही, आणि जुन्या मराठी मजकुरात तो भरपूर आहे. म्हणजे कचेरीतल्या दोन माणसांनी एकच नाव टाइप केलं तरी रिपॉझिटरीच्या दृष्टीने ते दोन कागद असू शकतात, आणि शोधताना एक सापडतो, एक सापडत नाही.

मग या नावांची टेस्ट कशी लिहायची?

तिन्ही नावांची तीन डॉक्युमेंट वेगवेगळ्या फोल्डरांत बनवा. नाव परत वाचा आणि डोळ्यांनी नाही, कोडपॉइंटनिहाय (एकेका युनिकोड क्रमांकाने) जुळवा. जसंच्या तसं आलं तर ओके. एनएफसी होऊन आलं तर वॉर्निंग, कारण ॲप्लिकेशनला ते माहीत हवं. जॉइनर गळून गेला तर तीही वॉर्निंग, पण संदेश ठळक लिहा. जॉइनर गेला की 'र्य' होतो. 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' हा नुसता दिसण्यातला फरक नव्हे, तो शब्दच चुकतो.

मग तेच कागद पाथवरून मागवा, एकदा आपण पाठवलेल्या नावाने आणि एकदा सर्व्हरने परत दिलेल्या नावाने. सर्व्हरने दिलेल्या नावाने कागद मिळाला नाही, तर ते निःसंशय फेल्युअर. स्वतः सांगितलेला पत्ता स्वतःलाच सापडत नाही, याला कुठली सबब नाही.

शेवटी तिन्ही नावं एकाच फोल्डरात टाकून बघा. पहिलं आणि दुसरं एकमेकांना धडकलं तर मानक सर्व्हरला दोन वाटा देतं, नावाच्या संघर्षाचं एक्सेप्शन टाकणं किंवा दुसरं न धडकणारं नाव स्वतः निवडणं. दोन्ही योग्य आहेत. मात्र पहिल्या कागदावर दुसरा चढला आणि पहिला गायब झाला, तर तो अहवाल त्याच दिवशी सर्व्हरवाल्यांना पाठवा.

लांबीकडेही लक्ष द्या. देवनागरीतला प्रत्येक कोडपॉइंट युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे कोडपॉइंट. फाइलसिस्टिमवर नाव २५५ बाइटांपर्यंतच चालत असेल, तर मराठी नाव ८५ कोडपॉइंटांत संपतं. सरकारी पत्राचा विषय फाइलला नाव म्हणून दिला की ही मर्यादा सहज ओलांडते. ते नाव यूआरएलमध्ये गेलं की प्रत्येक कोडपॉइंटची ९ अक्षरं होतात. ८५ कोडपॉइंटांचं नाव म्हणजे ७६५ अक्षरं, आणि अशी दहा फोल्डर एकात एक असतील तर ७६५०. टॉमकॅट ९ मध्ये रिक्वेस्टची पहिली ओळ आणि हेडर मिळून मूळ मर्यादा ८ किलोबाइट आहे. इंग्रजी नावांवर कधीही न दिसणारी ही चूक मराठी नावांवर लाइव्ह गेल्यावर दिसते. टेस्टमध्ये पातळी एकेकाने वाढवत जा, कुठे तुटतं तो आकडा इन्फोमध्ये लिहा.

डाउनलोडही एकदा करून बघा. मजकुराच्या फाइलचं नाव हेडरमधून येतं, आणि तिथे मराठी नाव एन्कोड करायची ठरलेली पद्धत आहे. ती न पाळणारा सर्व्हर प्रश्नचिन्हांची रांग पाठवतो.

आत्ताच बनवलेलं डॉक्युमेंट क्वेरीत सापडत नाही. टेस्ट चुकली की सर्व्हर?

बहुधा दोन्ही नाही. अल्फ्रेस्कोसारख्या सर्व्हरचा शोध सोलर या शोध-इंजिनाच्या इंडेक्सवर चालतो आणि तो इंडेक्स मागून अद्ययावत होतो. म्हणून 'बनवा, लगेच शोधा, नाही मिळालं तर नापास' अशी टेस्ट लिहू नका. ठरावीक अंतराने पुन्हा विचारा, कमाल किती वेळ थांबायचं ते पॅरामीटरमधून घ्या, आणि किती सेकंदांनी सापडलं ते नोंदवा. हा आकडा ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याला फार कामाचा. नुसतं तीस सेकंदांचं स्लीप टाकून मोकळं होणं मात्र टाळा. संच तासन्‌तास रेंगाळतो आणि सर्व्हर सुधारला की बिघडला तेही कळत नाही.

क्वेरीचं वाक्य स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून बनवू नका. सीएमआयएसच्या क्वेरीत अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश लागतो, नेहमीच्या एसक्यूएलसारखं चिन्ह दोनदा लिहून चालत नाही. मजकुरातल्या शोधात तर एस्केपिंगचे दोन थर असतात. ओपनसीएमआयएसचा क्वेरीस्टेटमेंट हा क्लास यासाठीच आहे.

मराठी वर्णक्रमाची अपेक्षाही टेस्टमध्ये ठेवू नका. क्रम कसा लावायचा ते मानकाने रिपॉझिटरीवर सोडलंय. 'ळ' आणि 'क्ष' कुठे येतात ते इन्फोमध्ये नोंदवा, पुरे.

टेस्ट कधी पास होते, कधी नापास. कुठे बघू?

सगळ्यांत आधी कॅशेकडे. ओपनसीएमआयएसचा क्लायंट ऑब्जेक्ट स्वतःजवळ धरून ठेवतो. तुम्ही नाव बदललं, पुन्हा वाचलं आणि नवीन नाव दिसलं, तर ते सर्व्हरकडून आलं की क्लायंटच्या कॅशेतून, हे कोडकडे बघून कळत नाही. कॅशे चालू ठेवून हिरवी झालेली टेस्ट काहीच सिद्ध करत नाही. ऑपरेशन कॉन्टेक्स्टमध्ये कॅशे बंद करा, किंवा पडताळणीचं वाचन दुसऱ्या नव्या सेशनमधून करा. मी दुसरी वाट धरते. थोडी मंद आहे, पण शंका राहत नाही.

दुसरं कारण चेंज टोकन, म्हणजे ऑब्जेक्ट बदलला की बदलणारी सर्व्हरची खूण. सर्व्हर ते देत असेल तर प्रत्येक बदलानंतर नवीन टोकन घेऊनच पुढे जा, नाहीतर स्वतःच्याच मागच्या बदलाशी तुमचा संघर्ष होतो.

फोल्डरातली मुलं (आतले कागद आणि फोल्डर) मोजताना एकूण आकडा उणे एक येतो. हा बग आहे का?

नाही. एकूण संख्या सांगणं सर्व्हरवर बंधनकारक नाही, माहीत नसेल तर ओपनसीएमआयएस -१ देतं. पानं उलटताना कागद दोनदा येतो का, एखादा गळतो का, आणि 'अजून आहेत' हे सांगणं खरं निघतं का, ते तपासा. अडीचशे छोटी डॉक्युमेंट बनवा, शंभर-शंभरने मागा, आयडी एका सेटमध्ये टाका. सोपी टेस्ट आहे आणि चुका खूप पकडते.

स्वतःचे प्रकार कसे तपासायचे?

१.१ चा सर्व्हर प्रकार बनवू देत असेल तर टेस्टमध्येच बनवा आणि पुसा. नसेल तर ॲडमिनकडून आधी बनवून घ्या आणि टीसीकेच्या डीफॉल्ट डॉक्युमेंट टाइपच्या पॅरामीटरमध्ये त्याचा आयडी द्या. मग मूळ संचातल्या टेस्टही तुमच्याच प्रकारावर चालतील. हा पॅरामीटर बरेच जण विसरतात आणि अख्खा संच साध्या डॉक्युमेंटवर चालवून निश्चिंत होतात.

टेस्ट संपल्यावर मागे काय उरतं?

काहीही उरू नये. प्रत्येक टेस्ट आपलं फोल्डर बनवते आणि शेवटी पुसते, त्यासाठी मूळ क्लासमध्ये मेथड आहेत. पुसण्याचं काम जावाच्या फायनली ब्लॉकमध्ये ठेवा. चेकआउट केलेला कागद तसाच राहिला तर फोल्डरांचं झाड पुसताना अडतं, म्हणून आधी चेकआउट रद्द करा. त्याने कामाची प्रत जाते, मूळ कागद राहतो.

चालू कामाच्या सर्व्हरवर हा संच चालवू नका, 'फक्त वाचणाऱ्या टेस्ट आहेत' असं कोणी सांगितलं तरीही. एके ठिकाणी माझ्याच संचाची मधे तुटलेली फेरी रूट फोल्डरात हजारभर कागद सोडून गेली आणि रात्रीच्या बॅकअपने ते इमानदारीने जपून ठेवले. ते निस्तरायला आठवडा गेला. तेव्हापासून मी टेस्ट फोल्डरचा पालक नेहमी पॅरामीटरमधून वेगळा देते, आणि रिपॉझिटरीचा आयडी परवानगीच्या यादीत नसेल तर माझा गट पहिल्याच ओळीत थांबतो.

रोजच्या बिल्डमध्ये कसं बसवायचं?

कमांड लाइनचा रनर आहे, अहवाल टेक्स्ट, एचटीएमएल आणि एक्सएमएलमध्ये निघतो. एक्सएमएल तुमच्या बिल्ड सर्व्हरला कळेल अशा रूपात आणायला छोटी स्क्रिप्ट पुरते. 'एकही फेल्युअर नको' अशी अट मात्र घालू नका, दुसऱ्याच्या सर्व्हरवर ती कधीच पुरी होत नाही आणि मग लोक अहवाल उघडायचं सोडतात. कालचा अहवाल आणि आजचा अहवाल यांतला फरक बिल्डला दाखवा. नवीन फेल्युअर आलं तर बिल्ड लाल. जुनं गेलं तर तेही कळवा, सर्व्हरवाल्यांनी काम केलेलं असतं.

अपाचे केमिस्ट्री आता ॲटिकमध्ये, म्हणजे अपाचेच्या निवृत्त प्रकल्पांच्या माळ्यावर, गेलीय. यात वेळ घालावा का?

प्रकल्प निवृत्त झालाय हे खरं. मूळ कोडमध्ये सुधारणा येतील अशी आशा धरू नका. लायब्ररीची आवृत्ती गोठवा, सोर्सची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तिच्या खालच्या लायब्ररी स्वतः तपासत राहा.

पण ज्या रिपॉझिटऱ्यांत वीस-वीस वर्षांचे कागद पडलेत त्या कुठे जाणार नाहीत, आणि त्यांतून कागद बाहेर काढायचा सीएमआयएस हाच बऱ्याचदा एकमेव मोकळा दरवाजा आहे. स्थलांतराच्या कामात तर या टेस्टचा सगळ्यांत जास्त उपयोग होतो. जुन्या आणि नव्या, दोन्ही सर्व्हरांवर तोच संच चालवा आणि अहवाल शेजारी ठेवा. नव्या सर्व्हरवर काय हरवणार आहे ते पहिला कागद हलण्याआधी समोर येतं. १.१ नंतर मानकाची नवी आवृत्ती आलेली नाही, त्यामुळे आज लिहिलेली टेस्ट पाच वर्षांनीही तशीच चालेल.

सुरुवात एकाच टेस्टने करायची असेल तर कोणती?

वर सांगितलेली तीन ठिकाणांची. रिपॉझिटरी इन्फो वाचा, तुमच्या प्रकाराची व्याख्या वाचा, एक कागद बनवून त्याच्या अलाऊएबल ॲक्शन्स वाचा. मग 'होईल' म्हटलेली प्रत्येक गोष्ट करून बघा आणि 'नाही' म्हटलेलीही. शे-दोनशे ओळींत होतं. आणि त्या कागदाला नाव देताना त्यात एक 'ऱ्य' असू द्या.